पोलिसांचं बजेट समाजसेवेकडे वळवायचं म्हणजे नेमकं काय?

जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत त्यांच्या आई मीरा नायर, मोफत बस आणि घरभाडं यांचीच चर्चा जास्त झाली. त्यांच्या जाहीरनाम्यातला एक मोठा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटला. शहरात सामुदायिक सुरक्षेसाठी एक स्वतंत्र खातं काढायचं, त्यावर वर्षाला सुमारे १.१ अब्ज डॉलर खर्च करायचे आणि मानसिक त्रासात सापडलेल्या माणसासाठी फोन आला, तर शक्यतो पोलिसांऐवजी या खात्याची माणसं पाठवायची.

ज्यांनी हे वाचलं त्यांच्यातल्या अनेकांनी थेट निष्कर्ष काढला की न्यूयॉर्कमध्ये आता पोलीस बंद होणार. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, एडिसन किंवा जर्सी सिटीत नातेवाईक असलेल्या घरांत तर काळजीनं फोन झाले असतील. प्रत्यक्षात ममदानींनी प्रचारातच सांगितलं होतं की पोलिसांची संख्या आहे तेवढीच राहील. २०२० मध्ये मात्र याच ममदानींनी पोलिसांचा निधी कापण्याची मागणी केली होती. या पाच वर्षांत भूमिका का बदलली आणि मूळ कल्पना तरी काय होती, हे समजून घ्यायचं तर सुरुवात पैशापासून करावी लागते.

पोलिसांचा पगार कोण देतं?

आपला गोंधळ इथूनच सुरू होतो. भारतात पोलीस हा राज्याचा विषय आहे. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं, पण त्यात मुंबई पोलिसांच्या पगाराचा रुपयाही नव्हता. तो खर्च राज्याच्या गृहखात्याचा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं महापालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा कामांची यादी दिली, त्यातही पोलीस नाहीत. त्यामुळे 'पोलिसांचे पैसे काढून शाळेला द्या' असं आपला नगरसेवक म्हणूच शकत नाही. त्याच्या हातात ते पैसेच नसतात.

अमेरिकेत बहुतेक पोलीस दलं शहरांची असतात. पोलीसप्रमुख बहुधा महापौर किंवा शहर व्यवस्थापक नेमतो, पगार शहराच्या तिजोरीतून होतो आणि दरवर्षी नगर परिषदेत पोलीस, ग्रंथालयं, बागा, आरोग्य, बेघरांची निवारागृहं हे सगळे एकाच टेबलावर वाटा मागायला बसतात. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी पडतं, आणि हे लोकांना उघड दिसतं.

यात एक संज्ञा समजून घ्यावी लागते : जनरल फंड. शहराकडे येणाऱ्या पैशांपैकी जो कुठेही खर्च करण्याची मुभा असते तो जनरल फंड. घरात साठ हजार पगार आला तरी घराचा हप्ता, शाळेची फी आणि विमा गेल्यावर महिन्याचं खरं नियोजन उरलेल्या वीस हजारांवर होतं, तसंच हे. लॉस एंजेलिसचं बंदर आणि विमानतळ भरपूर कमावतात, पण तो पैसा बंदर आणि विमानतळावरच खर्च करावा लागतो. म्हणून एकाच शहराबद्दल दोन वेगळे आकडे ऐकू येतात आणि दोन्ही खरे असतात. अमेरिकेतल्या शहरांच्या एकूण थेट खर्चात पोलिसांचा वाटा सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास आहे. पण हात मोकळा असलेल्या पैशात तो कितीतरी मोठा होतो. २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या अशा निर्बंधमुक्त पैशातला निम्म्याहून अधिक वाटा पोलिसांकडे जातो, हाच आंदोलकांचा मुख्य आक्षेप होता. कोणी टक्केवारी सांगितली की ती कशाची, हे आधी विचारावं.

९११ वर फोन येतात ते कशासाठी?

आपल्या ११२ सारखा तिकडचा आपत्कालीन क्रमांक ९११. सिनेमे पाहून वाटतं की तिथे सतत गोळीबाराचेच फोन येत असतील. २०२० मध्ये न्यू ऑर्लिन्स, सॅक्रामेंटो आणि मेरीलँडमधली मॉन्टगोमेरी काउंटी इथल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हिंसक गुन्ह्यांवर पोलिसांचा जेमतेम ४ टक्के वेळ जातो असं दिसलं. बाकी वेळ वाहतूक, अपघात, वाजलेले अलार्म, शेजाऱ्यांची भांडणं, मोठ्या आवाजातलं संगीत, 'अमुक म्हातारे गृहस्थ दोन दिवसांत दिसले नाहीत, बघून या' अशा कामांत जातो.

आणि मानसिक त्रासात असलेली माणसं. समजा, बसथांब्यावर एक माणूस मोठमोठ्यानं स्वतःशी बोलतोय, पायात चपला नाहीत, थंडी आहे. कोणीतरी ९११ फिरवतं. येतो तो गणवेशातला, कमरेला पिस्तूल असलेला शिपाई. त्याचं प्रशिक्षण धोका ओळखायचं आणि परिस्थिती ताब्यात घ्यायचं. तो दरडावून सांगतो, "हात दिसतील असे ठेव!" ज्याला आधीच डोक्यात चार आवाज ऐकू येतायत त्याला हा पाचवा. तो हात वर करत नाही, उलट खिशात घालतो. पुढचे काही सेकंद कोणाच्याच हातात राहत नाहीत.

अमेरिकेत पोलिसांच्या गोळीनं दरवर्षी सुमारे हजार माणसं मरतात. 'वॉशिंग्टन पोस्ट'नं वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींनुसार त्यांतल्या साधारण पाचातल्या एकात मानसिक आजाराची लक्षणं होती. कितीतरी वेळा फोन करणारे घरचेच असतात. त्यांना मदत हवी असते आणि मदतीचा दुसरा क्रमांकच त्यांना माहीत नसतो.

हे काम पोलिसांच्या गळ्यात पडलं कसं?

पोलिसांनी ते मागून घेतलेलं नाही. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५८ हजार माणसं होती, अनेक ठिकाणी अतिशय वाईट अवस्थेत. नवी औषधं आली, तशी ही रुग्णालयं रिकामी करून लोकांना त्यांच्या गावात, घराजवळ उपचार द्यावेत असा विचार पुढे आला. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी तसा कायदा केला. रुग्णालयं खरोखर रिकामी झाली. घराजवळची उपचारकेंद्रं मात्र ठरल्यापेक्षा खूपच कमी उभी राहिली, आणि १९८१ मध्ये रेगन यांच्या काळात केंद्राचा पैसा आणखी आटला. माणसं रस्त्यावर आली. रात्री दोन वाजता उघडं असलेलं, फोन केला की दारात येणारं एकच सरकारी खातं उरलं होतं.

जुलै २०१६ मध्ये डॅलसमध्ये पाच पोलिसांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच तिथले तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी सांगितलं की देश पोलिसांकडून फार जास्त अपेक्षा करतोय. मानसिक आरोग्याला पैसे नाहीत, द्या पोलिसांकडे. व्यसनमुक्तीला नाहीत, द्या पोलिसांकडे. मोकाट कुत्री झाली, तीही पोलिसांनीच पकडायची. सहकाऱ्यांच्या मृत्यूनंतर एका पोलीसप्रमुखानं हे म्हणावं, याला मी फार महत्त्व देते. बजेट वळवण्याची मागणी पोलिसांच्या द्वेषातूनच येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ब्राउन यांचं म्हणणं जरूर विचारात घ्यावं.

२०२० मध्ये काय ठरलं आणि झालं काय?

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड यांची मान नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघ्याखाली दाबून ठेवली आणि ते मरण पावले. देशभर लोक रस्त्यावर उतरले. 'डिफंड द पोलीस' म्हणजे 'पोलिसांचा निधी काढा' ही घोषणा तेव्हा घरोघरी पोचली. तिचा अर्थ प्रत्येकानं वेगळा लावला. काहींना पोलीस दल पूर्ण बरखास्त हवं होतं, बहुतेकांना त्यातला काही पैसा घरं, उपचार आणि तरुणांच्या कामाकडे वळवायचा होता. ऐकणाऱ्याला मात्र 'उद्या चोर आला तर कोण येणार?' एवढंच ऐकू आलं. माझ्या मते या घोषणेनं एका चांगल्या कल्पनेचं नुकसान केलं.

मिनियापोलिसच्या नऊ नगरसेवकांनी एका बागेत जाहीर सभा घेऊन पोलीस दल मोडीत काढायचं वचन दिलं. डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष वळवले गेले सुमारे ८० लाख डॉलर, १७.९ कोटींच्या पोलीस बजेटमधून. पाच टक्केही नाहीत. त्यानंतर तीनच महिन्यांनी शहरानं फ्लॉइड यांच्या कुटुंबाला २.७ कोटी डॉलर भरपाई मान्य केली. म्हणजे एका माणसाच्या मृत्यूची भरपाई ही वर्षभरासाठी सेवांकडे वळवलेल्या रकमेच्या तिपटीहून अधिक. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खात्याच्या जागी नवं सार्वजनिक सुरक्षा खातं आणावं का, यावर मतदान झालं आणि साधारण ५६ टक्के लोकांनी नको म्हटलं.

न्यूयॉर्कनं १ अब्ज डॉलर वळवल्याचं जाहीर केलं. त्यातला मोठा भाग कागदावरचा होता. शाळांचे सुरक्षारक्षक पोलिसांच्या खात्यातून शिक्षण खात्यात दाखवायचे, पण ते स्थलांतर प्रत्यक्षात झालंच नाही. ओव्हरटाइम कमी करू म्हटलं, तोही झाला नाही. लॉस एंजेलिसनं १.८६ अब्जांतून १५ कोटी कापले.

सर्वांत धाडसी पाऊल टाकलं टेक्सासमधल्या ऑस्टिननं. ४३.४ कोटींच्या बजेटमधून सुमारे १५ कोटी वेगळे काढायचं ठरलं, त्यांतले तातडीनं कापले ते साधारण २ कोटी. बाकीच्यात न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारखी कामं पोलिसांच्या हाताखालून बाहेर काढायची होती. पुढच्याच वर्षी टेक्सास राज्यानं कायदा केला : अडीच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरानं पोलिसांचं बजेट कापलं, तर राज्य त्याची आर्थिक कोंडी करणार. ऑस्टिननं २०२१ मध्ये पोलिसांना ४४.२ कोटी दिले, तोपर्यंतची सर्वांत मोठी रक्कम. एक गोष्ट मात्र टिकली. तिथे ९११ ला फोन केला की विचारतात : पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका की मानसिक आरोग्य सेवा? या चौथ्या शब्दाला मी सगळ्या घोषणांपेक्षा जास्त किंमत देते.

पोलीस नाही तर कोण जातं?

डेन्व्हरमध्ये जून २०२० पासून 'स्टार' नावाची व्हॅन फिरते. त्यात दोनच माणसं : एक मानसिक आरोग्याचा समुपदेशक आणि एक पॅरामेडिक, म्हणजे तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी. अंगावर गणवेश नाही, जवळ शस्त्र नाही. ९११ घेणारा कर्मचारी ऐकतो : हत्यार आहे का, कोणी जखमी आहे का, धमकी दिली का? तिन्हीला 'नाही' आलं तर व्हॅन निघते. पाणी पाजणं, डोक्यावर छप्पर मिळेल अशा ठिकाणी पोचवणं, चुकलेली औषधं सुरू करून देणं, असं ते काम. पहिल्या सहा महिन्यांत व्हॅन ७४८ वेळा गेली, एकदाही अटक झाली नाही. २०२२ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार जिथे व्हॅन होती त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या आणि हिंसक गुन्हे वाढले नाहीत. यातला थोडा फरक नोंदीचाही असणार, कारण पोलीस गेलेच नाहीत तर गुन्ह्याचा कागदही होत नाही. पण तो कागद ज्याच्या नावावर होत नाही, त्याला पुढे नोकरी आणि भाड्याचं घर मिळणं सोपं जातं. म्हणून तो फरकही मला खोटा वाटत नाही.

याहून जुना प्रयोग ओरेगॉनमधल्या युजीन या गावाचा. तिथलं 'कहूट्स' पथक १९८९ पासून काम करत होतं. २०१९ मध्ये ते सुमारे २४ हजार वेळा गेलं आणि त्यांतल्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी वेळा त्यांना पोलिसांची मदत मागावी लागली. शहराच्या १७ टक्के फोनना आम्ही जातो असा पथकाचा दावा होता. पोलिसांनी हिशेब मांडला तेव्हा त्यांतली बरीच कामं पोलिसांकडे एरवी आलीच नसती असं निघालं आणि पोलिसांचं खरं वाचलेलं काम ५ ते ८ टक्के ठरलं. ही दुरुस्ती समर्थकांनी लपवू नये. एखाद्या थकलेल्या माणसाला निवाऱ्यापर्यंत नेऊन सोडणं पोलिसांचं काम नव्हतं हे खरं, पण ते कोणाचंच काम नव्हतं, हेही खरं.

पण पोलीस कमी झाले तर गुन्हे वाढतील ना?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. २०२० मध्ये अमेरिकेत खून सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, एका वर्षातली आजवरची सर्वांत मोठी वाढ. ती बजेट कापलेल्या शहरांत झाली, न कापलेल्या शहरांत झाली आणि ग्रामीण भागातही झाली, त्यामुळे तिचं खापर बजेटकपातीवर फोडता येत नाही. शिवाय बहुतेक कपाती लागू होण्याआधीच ती सुरू झाली होती.

तरीही पोलिसांची संख्या महत्त्वाची आहे. गुन्हेगारीचे अभ्यासक अ‍ॅरन चॅल्फिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांची अनेक दशकांची आकडेवारी तपासली. दर १० ते १७ वाढीव पोलिसांमागे वर्षाला एक खून टळतो, असा त्यांचा अंदाज निघाला. लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांना याचा फायदा जास्त होतो. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे : जास्त पोलीस आले की किरकोळ कारणांच्या अटकाही वाढतात आणि त्याचा भारही कृष्णवर्णीयांवरच जास्त पडतो. एकाच वस्तीला पोलीस वाचवतातही आणि छळतातही.

पण गुन्हे फक्त पोलीसच कमी करतात, हेही खरं नाही. फिलाडेल्फियात कचऱ्यानं भरलेले मोकळे प्लॉट साफ करून गवत लावलं, साधी लाकडी कुंपणं घातली. गरीब वस्त्यांत त्या जागांभोवतीची बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. शिकागोत गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांचं पगारी काम दिलं. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्यातल्या हिंसक गुन्ह्यांच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. गवत लावायला आणि पोरांना काम द्यायला लागणारा पैसा पोलीस दलाच्या ओव्हरटाइमपुढे किरकोळ असतो.

मिनियापोलिसचा अनुभव इथे उपयोगी आहे. बजेट पाच टक्केही कापलं नव्हतं, तरी पोलिसांची संख्या सुमारे ९०० वरून ६०० च्याही खाली आली, कारण ते स्वतःच सोडून गेले. कित्येकांनी मानसिक आघाताचं कारण देऊन. म्हणजे पैसा तिजोरीत असूनही रस्त्यावर माणसं नव्हती. अशा शहरात उरलेल्या पोलिसांच्या अंगावरचं बिनगुन्ह्याचं काम काढून घेणं ही त्यांच्यासाठीच मदत आहे.

समोरच्याच्या हातात चाकू असेल तर?

तर पोलीस जातील. डेन्व्हर, युजीन, न्यूयॉर्क, कुठेही हत्यारबंद माणसासमोर एकट्या समुपदेशकाला पाठवायचा प्रस्ताव नाही. अडचण याच्या उलट दिशेला आहे : सावधगिरी इतकी असते की साध्या कामालाही पोलीसच जातात. न्यूयॉर्कमध्ये २०२१ पासून 'बी-हर्ड' नावाची अशी पथकं आहेत. मे २०२५ मध्ये शहराच्या लेखापरीक्षणात दिसलं की मानसिक त्रासाचे बहुसंख्य फोन या पथकांसाठी अपात्र ठरवले जातात, आणि पात्र ठरलेल्यांपैकीही ३५ टक्क्यांहून अधिक वेळा पथक गेलंच नाही.

मग दोघांनाही पैसे द्या की!

काही शहरांनी तेच केलं आणि मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो. बाल्टिमोरचे महापौर ब्रँडन स्कॉट यांनी पोलीस बजेट मोठंच ठेवलं आणि सोबत वस्त्यांतल्या हिंसा-प्रतिबंधाचं स्वतंत्र कार्यालय उभं केलं. तिथे वर्षानुवर्षं ३०० च्या वर असलेले खून २०२४ मध्ये २०१ वर आले. त्याचं श्रेय एकट्या कार्यालयाला देता येणार नाही, त्या काळात देशभरच खून घटत होते, पण बाल्टिमोरची घट ठळक होती.

प्रश्न उरतो तो पैसा टिकण्याचा. कोविडनंतर २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना आणि शहरांना ३५० अब्ज डॉलर दिले, त्यातून असे अनेक प्रयोग सुरू झाले. तो पैसा एकदाच मिळणारा होता. पोलिसांची तरतूद दरवर्षी आपोआप पुढे जाते, समुपदेशकाची नोकरी मात्र अनुदान संपलं की संपते. छत्तीस वर्षं चाललेलं 'कहूट्स' एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधून बंद झालं, ते पैशाअभावी. देशानं ज्याचा कित्ता गिरवला, त्या पथकालाच कायमची तरतूद मिळाली नाही.

आपल्याकडे याचं काय?

बजेटची रचना वेगळी असली तरी रात्री दोनचा फोन आपल्याकडेही पोलिसांनाच जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन दवाखान्यात नेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर आहे. कायदा चांगला आहे, पण त्या अधिकाऱ्याकडे बंदोबस्त, मिरवणुका आणि तपासातून वेळ उरला तर!

आणि पोलिसांच्या आवारात समाजसेवक बसवण्याचा प्रयोग महाराष्ट्रानं बऱ्याच अमेरिकन शहरांच्या आधी केला. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाण झालेली बाई येते तेव्हा तिला लगेच तक्रार नोंदवायची असतेच असं नाही. आज रात्री झोपायचं कुठे, मुलांची शाळा कशी चालू ठेवायची, नवऱ्याला कोणी समज देईल का, हे तिचे प्रश्न. ते ऐकायला प्रशिक्षित समाजसेविका त्याच इमारतीत बसते, आणि शेजारी पोलीस असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन येतं. पुढे राज्य सरकारनं हे काम स्वीकारलं आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं.

न्यूयॉर्ककडे पाहताना काय बघायचं?

न्यूयॉर्कचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. शहराचं एकूण बजेट ११५ अब्ज डॉलरच्या पुढे गेलेलं असताना १.१ अब्ज म्हणजे जेमतेम एक टक्का, आणि त्यातलाही निम्म्याहून अधिक पैसा आधीपासून चालू असलेल्या योजनांचा. म्हणून केवळ नव्या खात्याच्या नावावर जाऊ नये. बी-हर्डची पथकं रात्रपाळीलाही काम करतात का, पात्र फोनपैकी किती फोनना ती पोचतात, आणि त्यातल्या समुपदेशकांचे पगार जनरल फंडातून निघतात की मुदतीच्या अनुदानातून, हे तीन आकडे शोधावेत. शेजारच्या जर्सीत राहणाऱ्या आपल्या माणसांनी आपापल्या गावाच्या बजेट बैठकीतही हेच तीन प्रश्न विचारावेत. त्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात आणि तिथे कोणालाही बोलता येतं.